परक्या अंगणातले गाढव

६ जानेवारी २०२५, सोमवार

मी, तुलाराम सोमाजी निनावे, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा कोसा रेशमाचे विणकाम, शिक्षण चौथी उत्तीर्ण, राहणार भंडारा, विणकर सहकारी संस्थेचा माजी अध्यक्ष, लिहून ठेवतो की खालील मजकूर मी पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. ओळखीची खूण: डावीकडे कललेली पांढरी टोपी व टोकांना पीळ दिलेल्या मिशा. ही दैनंदिनी कोणास दाखवण्यासाठी नाही. सूड पूर्ण होईपर्यंत राग ताजा राहावा, एवढ्यासाठी आहे. वयोमानामुळे मी अलीकडे राग विसरू लागलो आहे.

अपमान असा घडला. गुडघे गेल्यापासून मला मागाच्या खड्ड्यात उतरता येत नाही. त्यानंतर मी संस्थेच्या संगणकावर काठाच्या नक्ष्या काढावयास शिकलो. भरतकाम करणाऱ्यांसाठी केलेला चौकटींचा एक प्रोग्राम त्यावर आहे. एक चौकट म्हणजे एक धागा, असे धरून मी त्यात करवतीच्या दातांसारखा आमचा करवत काठ काढतो. त्या चौकटींवरून, मागावर बसवलेल्या जॅकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना छिद्रे पाडली जातात आणि माग त्याप्रमाणे विणतो. याचा अर्थ मी अद्याप विणकर आहे. हे काम गेले तर मी केवळ एक म्हातारा उरतो.

आज सकाळी संस्थेत गेलो, तो पडद्यावर सर्वच परके. खालची पट्टी वर गेलेली. रंग वेगळे. माझ्या प्रोग्रामचे चित्र नाहीसे. आणि माझ्या खुर्चीवर प्रिंटर बसलेला.

संस्थेचा सचिव चंद्रकुमार हेडाऊ तेथे उभा होता. हा इसम एके काळी माझ्या हाताखाली उभ्या धाग्यांचा ताणा ओढत असे. शटल कोणत्या हाताने फेकावा हेही मीच त्यास शिकवले.

तो म्हणाला, “तुलारामजी, जुना डेस्कटॉप लय जड झाला होता. मशीन दम टाकून राहिली होती. म्हणून हलका टाकून घेतला.”

“आणि माझा प्रोग्राम?”

“तो जुन्या डेस्कटॉपसंगचा होता जी. त्याच्यासंगच गेला. पाहू काय करता येते ते. तवर थोडा आराम करा.”

आराम करा! सर्व सभासदांच्या देखत! मागावरची कलाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, “तुलारामजी, खुर्ची तर प्रिंटरनं नेली. आता तुम्हाले पाट आणू का?”

सगळे हसले. मी काठी उचलली व घरी आलो. चंद्रकुमारास याची किंमत द्यावी लागेल.

७ जानेवारी

सून करुणा बसस्थानकाजवळ ऑनलाइन अर्ज भरून देण्याच्या दुकानात काम करते. ती मला मामाजी म्हणते. जेवताना तिला सर्व हकीगत सांगितली. तिने खुलासा केला तो असा: संगणक तोच आहे, आतील मूळ प्रणाली लिनक्स, तीही तीच आहे, बदलले आहे ते फक्त वरचे अंगण. जुन्या अंगणाचे नाव केडीई, नव्याचे एक्सएफसीई.

“मग जुन्या अंगणातील वस्तू नव्या अंगणात चालणार नाही काय?”

“चालते ना मामाजी. काहून नाई चालत? एका डेस्कटॉपचा प्रोग्राम दुसऱ्यात मजेनं चालते. पण तो एकटा येत नाई. त्याचा लवाजमा संगं आणा लागते.”

“लवाजमा म्हणजे?”

“माही आत्या आली का तिची कशी उशी येते, तिचा डबा येते, तिची पानाची पिशवी येते. तसं.”

मला हे विणकराच्या रीतीने अधिक नीट समजले. जुना ताणा संपत आला की आपण तो कापून टाकत नाही. त्याच्या टोकाला नव्या ताण्याचा एक एक धागा गाठ मारून सांधतो. माग एकच, ताणा दुसरा. गाठी नीट असतील तर फणीतून न तुटता निघतात.

म्हणजे माझा ताणा चंद्रकुमारच्या मागावर सांधता येईल, आणि त्यास न कळता. या विचाराने दोन पोळ्या अधिक जेवलो.

९ जानेवारी

चंद्रकुमार कोसा आणावयास अड्याळकडे गेला होता. करुणा मधल्या सुटीत संस्थेत आली. नवीन प्रोग्राम टाकावयाचा तर संगणक परवलीचा शब्द मागतो. तो आम्हास ठाऊक नव्हता. परंतु पाहतो तो काय, संगणकाच्या मागच्या भिंतीवर तो एका कागदावर लिहून चिकटवलेला! अक्षर चंद्रकुमारचे. मोठे व ठळक, माझ्या चष्म्याशिवायही वाचता येईल असे. पूर्वी हा कागद तेथे नव्हता. असा निष्काळजी माणूस संस्थेचा सचिव आहे.

करुणा कागदाकडे बघून म्हणाली, “मामाजी, हे कोणासाठी लावलं असन?”

“चोरांसाठी,” मी म्हणालो.

प्रोग्राम आला. त्यामागून त्याचा लवाजमाही आला. यादी बरीच लांब होती. उघडून पाहिला, तर अवतार भलताच. बटनांवर चित्रे नव्हती, नुसत्या रिकाम्या डब्या. अक्षरे मुंगीएवढी. परक्या गावात कपडे चोरीस गेलेल्या माणसासारखा तो उभा होता. तरीही चौकटी तेथे होत्या. रिकाम्या बटनांपैकी कोणते कशाचे, हे मला जागेवरून पाठ होते. मी एक काळा ठिपका टाकून पाहिला. पडला.

करुणेस परत कामावर जावयाचे होते. “चित्रांचा एक वेगळा संच टाका लागते, तो उद्या पाहू,” असे म्हणून ती गेली. परंतु उद्या तिला सुटी मिळेल असे दिसत नाही.

१३ जानेवारी

आज एक नवल घडले. संगणक सुरू करून चौकटींचा प्रोग्राम उघडला, तो सर्व बटनांवर चित्रे आलेली. अक्षरेही मोठी. करुणेला विचारले, तिने हात लावलेला नाही. तेव्हा यंत्र पाहुण्यास हळूहळू ओळखू लागले, असाच निष्कर्ष निघतो. यंत्रालाही न्याय-अन्याय कळत असला पाहिजे.

चंद्रकुमार जॅकार्डचे पत्ते कापत बसला होता. विचारतो कसा, “दिसते का जी आता बराबर?”

मी खिडकी लहान केली. शत्रूस आपल्या तयारीचा सुगावा लागू देऊ नये.

१४ जानेवारी, संक्रांत

चंद्रकुमार घरी तिळगूळ घेऊन आला. “घ्या जी. गोड गोड बोला.”

मी तिळगूळ घेतला व म्हणालो, “बोलतो.” गोड हा शब्द मुद्दाम गाळला. त्याच्या लक्षात आले नाही. चहा पिऊन गेला. जाताना करुणेशी दारात बराच वेळ बोलत होता. मी जवळ जाताच दोघे गप्प झाले. तिला विचारले, तर म्हणाली, “तब्येत विचारत होते तुमची.”

माझी तब्येत त्यास तीन फेब्रुवारीला कळेल. त्या दिवशी हातमाग विभागाचे अधिकारी नमुने पाहण्यास संस्थेत येणार आहेत. संगणक मोठ्या टीव्हीला जोडून चंद्रकुमार त्यांना नक्ष्या दाखवणार आहे.

१७ जानेवारी

योजना ठरली. लिहून ठेवतो.

शहापूरच्या बाजूस विटा वाहणारी गाढवे मी पुष्कळ पाहिली आहेत. करवतीच्या दातांच्या जागी काठावर गाढवांची रांग काढावयाची. आणि प्रत्येक गाढवाच्या डोळ्यांवर चष्मा. चष्म्याची एक काडी मोडलेली व तिच्या जागी कानाला बांधलेला दोरा. संपूर्ण भंडाऱ्यात असा चष्मा एकच इसम वापरतो.

अधिकारी समोर बसलेले, सर्व सभासद हजर, चंद्रकुमार संगणक सुरू करणार, आणि त्याच्या नक्षीआधी त्याच्याच अंगणात माझे गाढव उभे राहणार. मग मी उठून म्हणेन: “साहेब, हे आमचे सचिव.” यापलीकडे एक शब्द बोलणार नाही. हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिले. आवाज कापला नाही.

२० जानेवारी

गाढव काढणे वाटले तितके सोपे नाही. शरीर जमले. कान जमत नाहीत. लांब केले तर ससा होतो, आखूड केले तर डुक्कर. तिरप्या रेषेला चौकटींच्या पायऱ्या पडतात. धाग्यात त्या तशाच उतरतील आणि कान करवतीसारखा दिसेल. सायंकाळपर्यंत बसलो. चंद्रकुमार मागून गेला की मी खिडकी लहान करत असे. तो एकदा म्हणाला, “चालू द्या जी, मी नाई पाहत.” पाहूच शकत नाही, कारण चष्मा मोडका आहे.

२१ जानेवारी

आज संस्थेत दोन गोष्टी नव्या दिसल्या.

एक: हात टेकता येतील अशी गादीची खुर्ची संगणकासमोर आलेली. अधिकाऱ्यांसाठी आणली असावी. ते येईपर्यंत मी तीत बसलो. गुडघे दुखले नाहीत. प्रिंटर अजून माझ्या जुन्या खुर्चीवरच आहे. तिचा एक पाय डुगडुगतो हे मला आजच समजले.

दोन: करुणेने फोनवर सांगितल्याप्रमाणे संगणक सुरू होताच आपोआप काय उघडावे, त्याची यादी मी शोधून काढली. तीत चौकटींचा प्रोग्राम व माझ्या गाढवाची फाइल घातली. त्याच जागी पुढच्या पानावर एक ओळ आहे, तिचा अर्थ असा की सुरुवातीलाच केडीईच्या सेवा चालू कराव्यात. करुणा म्हणाली होती, “तिथं बरोबरची खूण करा, म्हणजे तुमचा पाहुणा लवकर जागा होते.” मी खूण करावयास गेलो, तर खूण आधीच केलेली.

करुणेला सांगितले. ती म्हणाली, “मामाजी, ही खूण आपोआप नाई होत. कोणी तरी केली.”

“कोणी?”

“तुमच्या संस्थेत केडीईचं काम कोणाले पडते?”

“मला एकट्याला.”

“मग तुमच्यासाठीच केली ना कोणी तरी.”

ती अशीच बोलते. यंत्र चुकूनही खूण करू शकते. मी वाद घातला नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला संस्थेत. चंद्रकुमारने मला दोरी ओढावयास दिली; माजी अध्यक्ष म्हणून तो माझा हक्कच आहे. कलाबाई कानात म्हणाली, “तुलारामजी, तुम्ही रोज कम्प्युटरवर काय कोरून राहिले? चंद्रकुमार म्हणते, म्हाताऱ्याच्या कामात तोंड घालू नका. आम्हाले पडद्याकडे फिरकूच देत नाई.”

म्हणजे तो मला घाबरू लागला आहे. समाधान वाटले.

कान अखेर जमले. दोन चौकटी सोडून एक भरायची. मधली पोकळी डोळा स्वतःच भरून घेतो. हा शोध माझा आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस जसा घडला तसा लिहितो. काहीही वगळणार नाही.

अधिकारी तरुण होते. नम्र होते. चंद्रकुमारने त्यांना साध्या लाकडी खुर्चीवर बसवले. मी उभा राहताच गादीच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाला, “बसा जी, तुमच्यासाठीच हाय.” सर्वांसमोर नाही म्हणता येईना. शत्रूच्या खुर्चीत बसून त्याचा वध करणे योग्य नव्हे, असे वाटले. परंतु गुडघे दुखत होते.

संगणक सुरू झाला. नवे अंगण आले, निळे, मोकळे. मग जुन्या अंगणाचा पाहुणा जागा झाला, आणि भिंतीएवढ्या टीव्हीवर गाढवांची रांग उभी राहिली. मोडका चष्मा. कानाला दोरा.

कलाबाईच्या तोंडात पदराचा बोळा गेला. मी काठी टेकवून उठलो. वाक्य तयार होते.

तेवढ्यात अधिकारी पुढे वाकले व म्हणाले, “अरे वा! हे कान कसे काढले? चौकटीत तिरपी रेष इतकी गुळगुळीत येत नाही. कोणाचं काम आहे?”

आणि माझ्या तोंडून निघाले, “दोन चौकटी सोडून एक भरायची.”

“पुन्हा सांगा?”

मी सांगितले. पडद्याजवळ गेलो. काठीने दाखवले. ससा कसा होत होता, डुक्कर कसे होत होते, पोकळी डोळा कशी भरतो. कोशाच्या धाग्याची जाडी सारखी नसते, म्हणून कानाचे टोक एक धागा जास्त का ठेवावे लागते, तेही सांगितले. ते लिहून घेत होते. किती वेळ बोललो ते ठाऊक नाही. खाली बसल्यावर मला आठवले की वाक्य राहून गेले.

अधिकाऱ्यांनी विचारले, “आणि हा चष्मा?”

आता पुन्हा संधी होती. परंतु माझ्याआधी चंद्रकुमारने आपला चष्मा काढला, दोऱ्यासकट हातात धरला आणि म्हणाला, “हा काय साहेब. माहाच हाय. आमच्या गुरुजीनं काढला. सात वर्षं यांच्या हाताखाली होतो. मले गाढव म्हटल्याबिगर यांचा दिवस जात नव्हता. आता काठावर घेतलं.”

सर्व हसले. अधिकारी सर्वांपेक्षा जास्त हसले. प्रदर्शनासाठी गाढवाच्या काठाचे नमुने विणून पाठवावेत, नक्षीकार म्हणून तुलाराम निनावे यांचे नाव द्यावे, असे ते सांगून गेले.

माझा वार त्यास लागलाच नाही. चष्मा काढून त्याने तो हातात झेलला. याहून मोठा निर्लज्जपणा मी पाहिलेला नाही.

४ फेब्रुवारी

झोप लागली नाही. विचार केला. नमुन्यांस नकार दिला तर नक्षीकार म्हणून माझे नाव जाते व संगणकासमोरची जागाही जाते. होकार दिला तर सूड अर्धा राहतो.

सकाळी करुणा म्हणाली, “मामाजी, आता सोडा. किती चांगलं झालं. आणि ती खूण, ती चित्रं, तो भिंतीवरचा कागद, कोणी केलं असन ते तुम्हाले सांगू का?”

“शत्रूची वकिली माझ्या घरात नको,” मी म्हणालो. तिने पोळी तव्यावर अशी आपटली की फाटली.

५ फेब्रुवारी

निर्णय झाला. सूड सोडलेला नाही; त्याचे स्वरूप बदलले आहे.

संस्थेत जॅकार्डचे पत्ते कापतो तो चंद्रकुमार. जॅकार्डचा माग चालवतो तोही चंद्रकुमार. म्हणजे स्वतःचे गाढव त्यास स्वतःच्या हातांनी, पायाने पट्टी दाबून, धाग्याधाग्याने विणावे लागेल. पूर्ण काठभर. आणि मी गादीच्या खुर्चीत बसून प्रत्येक गाढव तपासणार. एकाचाही चष्मा सुटता कामा नये. याहून पूर्ण सूड मला सुचत नाही.

आजपासून रोज संस्थेत जाणार, असे करुणेला सांगितले. तिने डब्यात दोन भाज्या दिल्या.

१९ फेब्रुवारी

रोज जात आहे. चंद्रकुमार पत्ते कापतो. मी पडद्यावरून ओळी वाचून सांगतो. दिवसभर एकमेकांशी फक्त “भर”, “सोड” एवढेच बोलणे होते. मध्ये तो चहा आणतो. मी पितो, कारण चहा संस्थेचा आहे.

आज मी दुपारी गेलो तेव्हा तो संगणकावर बसलेला, माझ्याच प्रोग्राममध्ये. मला पाहताच खिडकी लहान केली.

“काय करून राहिला?”

“काही नाई जी. काठ थोडा रुंद करा लागते. तुम्ही नका पाहू.”

“प्रोग्राम तुला चालवता येतो?”

“थोडा थोडा. तुमच्यासाठी नीट बसवला तवा शिकलो.”

थापा मारण्यात याचा हात कोणी धरणार नाही. प्रोग्राम मी आणि करुणेने बसवला, याला मी साक्षी आहे.

१० मार्च, सोमवार

पहिला नमुना आज मागावरून उतरला. करुणेने अर्धी सुटी घेतली. काठ टेबलावर पसरला.

गाढव उत्तम उतरले आहे. कान जसे सांगितले तसे. चष्मा, दोरा, सर्व जागच्या जागी. परंतु चंद्रकुमारने माझ्या परवानगीविना प्रत्येक गाढवासमोर तोंडाला तोंड लावून दुसरे एक गाढव विणले आहे.

“हे दुसरं काहून?” मी विचारले. रागात माझी भाषाही घसरली, हे नोंदवतो.

“एकट्यानं किती ओरडन जी ते? समोर ऐकाले कोणी पाहिजे ना.”

“आणि त्याच्या डोक्यावर टोपी कशासाठी?”

“उन्हाळा येऊन राहिला ना जी.”

“टोपी डावीकडे कललेली आहे. दोन चौकटींची चूक आहे तुझी.”

“चूक नाई, मोजून ठेवली.”

कलाबाई काठावर वाकली. “वो माय! मिशा पाहा ना मिशा! पीळ पाहा!” असे म्हणून ती खालीच बसली. करुणेने तोंड भिंतीकडे वळवले. तिचे खांदे हलत होते. सर्व सभासद हसत होते. चंद्रकुमारची अशी भर सभेत फजिती झालेली पाहून मला हसू आवरले नाही. मिशीला पीळ देत मीही हसलो. त्यावर ते अधिकच हसले.

विणीच्या दृष्टीने मात्र दुसरे गाढव पहिल्यापेक्षा उजवे आहे, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. मान ताठ आहे. नजर करडी आहे. शिकवलेले वाया गेलेले नाही. हे त्यास मी सांगितले नाही. “बरे आहे,” एवढेच म्हणालो. त्याने चष्मा काढून पुसला.

येणेप्रमाणे तुलाराम सोमाजी निनावे याचा सूड आज दिवसाढवळ्या पूर्ण झाला. उरलेले नमुने अद्याप विणावयाचे असल्याने देखरेखीसाठी उद्यापासूनही संस्थेत जाणे आवश्यक आहे. गादीची खुर्ची परत करण्याचा विषय कोणी काढला नाही. मीही काढणार नाही.

समक्ष हजर: सून करुणा, मागावरील कलाबाई, सचिव चंद्रकुमार हेडाऊ, स्वतः, आणि काठावरील दोन गाढवे, एकमेकांसमोर.